खाने आधी, आकडे नंतर

मैत्री आणि कबीर, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, पण यात बोलणार आहे तुमच्या आजोबांशी. असं का, ते आधी सांगते.

मागच्या रविवारी इथे नागपुरात आजोबांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे ते गेल्यानंतरच्या वंदनेचा, कार्यक्रम झाला. तुम्ही दोघांनी तो टोरांटोहून लॅपटॉपवर पाहिला. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, मग माणसं एकेक करून बोलली. कुणी त्यांच्या पदव्या सांगितल्या, कुणी ते परदेशी कसे गेले ते, कुणी समाजातल्या मुलांच्या शिक्षणाला त्यांनी केलेली मदत. सगळं खरं होतं. कार्यक्रम संपल्यावर मैत्रीने मला विचारलं, "आजी, पण आजोबा रोज काय करायचे? म्हणजे, ॲक्च्युअली?" मी म्हटलं, "काँक्रीट तपासायचे." त्यावर ती "ओके" म्हणाली. फार शहाणी मुलगी आहे, पुढे विचारलं नाही. पण त्या "ओके"ने मला दोन दिवस चैन पडू दिलं नाही. आत्ता नाही सांगितलं, तर तुमच्याकडे आजोबा म्हणून नुसत्या पदव्या उरतील. आणि मला सगळं नीट, क्रमाने आठवतंय तोवरच ते लिहिणं बरं. तुमची आई वाचून दाखवेल. अडलं तर तिला विचारा, ती त्या घरात होती.

अहो, आता तुमच्याशी. मुलं ऐकताहेत, तेव्हा तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही मधूनमधून सांगाव्या लागतील. वैतागू नका.

आपण मस्कतला गेलो तेव्हा मितू, मुलांनो, म्हणजे तुमची आई, प्राथमिक शाळेत होती. अल् घुब्रातला तो भाड्याचा फ्लॅट, खाली मलबारी माणसाचं किराणा दुकान, आणि चालत जाण्याच्या अंतरावर शाळा. मितू तिथे शिकायची आणि मी वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवायची. तुमचा प्लँट दूर, रुसैलच्या बाजूला. संध्याकाळी परत यायचात तेव्हा कानाच्या पाळीमागेसुद्धा सिमेंटची पूड असायची. प्लँटवर काँक्रीट कालवलं की ते मिक्सरच्या गाड्यांतून बांधकामांवर जायचं. तिथे प्रत्येक गाडीतला थोडा माल लोखंडी साच्यांत भरून ठोकळे पाडायचे. तुम्ही सगळे त्यांना क्यूब म्हणायचात. रात्रभर ते बांधकामावरच राहायचे, दुसऱ्या दिवशी साचा सोडवून तुमच्या प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या टाकीत जायचे, आणि चार आठवड्यांनी तुम्ही ते यंत्राखाली दाबून फोडायचात. जेवढ्या दाबाला फुटला, तेवढी त्या काँक्रीटची ताकद. मी स्टाफरूममध्ये सांगायची, "आमच्या ह्यांना वस्तू मोडायला नोकरीवर ठेवलंय."

पण तुमचं काम मोडल्यानंतर सुरू व्हायचं. बाकीचे आकड्यांची सरासरी काढून कागद पुढे सरकवायचे. तुम्हाला सरासरीचा रागच होता. "सरासरी ठीक आहे हो, पण पसारा किती?" हा तुमचा ठरलेला प्रश्न. आकडे सरासरीच्या अंगाला चिकटून आहेत की दूरदूर पांगलेत, हे कळल्याशिवाय तुम्हाला काहीच कळल्यासारखं वाटायचं नाही. सुरुवातीला तुम्ही आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने स्तंभ काढायचात, आणि त्यांच्या माथ्यांवरून घंटेसारखी रेषा हाताने ओढायचात. हात स्थिर होता तुमचा. रांगोळी काढली असतीत तर माझ्यापेक्षा बरी आली असती.

मग घरात कॉम्प्युटर आला. घेतला मितूच्या अभ्यासासाठी, बसलात तुम्ही. गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची. गुरुवारी दुपारी जेवण झालं की मितू आणि तुम्ही त्या एका खुर्चीवरून भांडायचात.

पहिला आलेख मला स्वच्छ आठवतो. तुम्ही क्यूबचे आकडे घातलेत, खाने पाडलेत. मुलांनो, खाना म्हणजे या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत एक कप्पा, तिथून पुढे दुसरा, असं. कुठल्या कप्प्यात किती क्यूब पडले ते मोजायचं आणि तेवढा उंच स्तंभ उभा करायचा. स्तंभ झकास आले. मधले उंच, दोन्हीकडे उतरत गेलेले. आता त्यांच्यावरून ती घंटेची रेषा हवी होती. सरासरी आणि पसारा दिला की स्प्रेडशीट सूत्राने तिचे बिंदू काढून देतं, असं तुमच्या पुस्तकात होतं. बिंदू निघाले. आलेखात घातलेत. रेषा कुठेच दिसेना.

"मितू, तू काही दाबलंस?"

"बाबा, मी हातपण लावला नाही."

"मग रेषा गेली कुठे?"

मितूने पडद्याला नाक लावलं. "ही काय बाबा. खाली झोपलीय."

खरंच, ती तळाच्या आडव्या रेघेवर अशी सपाट पडली होती की जणू कुणी तिला इस्त्री केली आहे. तुम्ही सूत्र तीनदा तपासलंत, पुस्तकाला शिव्या घातल्यात. मी हात पुसत आले. गणिताशी माझा संबंध दहावीत संपला होता. मी एवढंच विचारलं, की हे स्तंभ काय मोजतात? तुम्ही म्हणालात, क्यूब. आणि रेषेचे आकडे काय आहेत? "शून्य पॉइंट शून्य काहीतरी."

"म्हणजे स्तंभ नग मोजताहेत आणि रेषा हिस्सा सांगतेय," मी म्हटलं. "एक मराठीत बोलतोय, एक अरबीत. दोघांची गाठ पडणार कशी?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग पडद्याकडे. रेषेच्या प्रत्येक आकड्याला एकूण क्यूबच्या संख्येने आणि खान्याच्या रुंदीने गुणलंत, आणि ती रेषा उठली. स्तंभांच्या माथ्यांवरून डौलात गेली. तुम्ही खुर्चीतून न वळता मितूला म्हणालात, "तुझी आई उगाच इंग्रजी शिकवते." आपल्या इतक्या वर्षांच्या संसारात तुम्ही माझं केलेलं सगळ्यात मोठं कौतुक ते. मी ते त्याच वेळी जपून ठेवलं, तुम्हाला कळू दिलं नाही.

त्यानंतर घरात काही शिल्लक राहिलं नाही. सीबच्या बाजारातून आणलेली लिंबं तुम्ही भाजीच्या काट्यावर एकेक करून तोललीत आणि त्यांची घंटा काढलीत. पौर्णिमेला कुणाच्या घरी वंदनेला माणसं किती उशिरा येतात, त्याचाही आलेख निघाला. तो एकीकडे फारच लांब शेपटी असलेला होता, आणि शेपटीच्या टोकाला कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तुम्ही तो कुणाला दाखवला नाहीत. मला तुमच्यातली ही गोष्ट फार आवडायची. तुम्ही आकड्यांवर हसायचात, माणसांवर नाही.

आणि एक रीत तुम्ही कधी मोडली नाहीत. खाने आधी ठरवायचे, कागदावर लिहून ठेवायचे, आकडे त्यानंतर बघायचे. मी म्हणायची, आधी आकडे बघितले तर काय बिघडतं, खाने चांगले पाडता येतील. तुम्ही म्हणायचात, "तेच तर. चांगले पाडता येतील." तेव्हा मला यातलं काही कळलं नव्हतं.

आपला एक वाद तिथूनच सुरू झाला. माझ्या वर्गाचे सहामाहीचे मार्क तुम्ही आलेखात घातलेत. तुम्हाला तेवढंच हवं असायचं. आलेख बघून तुम्ही पडद्यावर बोट ठेवलंत. पास होण्याच्या रेषेच्या जरा अलीकडे एक खड्डा होता, आणि रेषेच्या लगेच पलीकडे एक उंच स्तंभ.

"इथली मुलं कुठे गेली?"

"कुठे जाणार? पास झाली."

"म्हणजे तू ढकललीस."

"हो. दोन-तीन मार्कांसाठी मी कुणाला नापास करत नाही. या वेळी केलं नाही, पुढच्याही वेळी करणार नाही."

"मी कुठे म्हणतो करू नको? पण मग मार्क खोटे झाले ना."

"मार्क खोटे नाहीत. तो खड्डा म्हणजे दया आहे."

"असेल. पण आलेखात ती खड्ड्यासारखीच दिसते."

जेवताना मितूने मीठ मागितलं तेही तुम्ही मला नजरेने सांगितलंत. हा वाद आपण पुढे कित्येक वर्षं घातला, गाडीत, बाजारात, नागपूरला परत आल्यावरही. मी म्हणायची, माणूस आकड्यापेक्षा मोठा. तुम्ही म्हणायचात, म्हणूनच आकडा खरा ठेवायचा. शेवटपर्यंत निकाल लागला नाही. पण मला आज ज्यासाठी लिहायचं आहे, ती याकूबभाईंची गोष्ट. तिथे हा वाद खेळातला राहिला नाही.

मुलांनो, याकूबभाई मिक्सरची गाडी चालवायचे. मूळचे श्रीवर्धनचे. आजोबांपेक्षा वयाने थोडे मोठे, बुटके, हसले की डोळे मिटायचे. रमझान ईदला आमच्याकडे सांदणांचा डबा घेऊन यायचे, कारण त्या प्लँटवर मराठी बोलणारे हे दोघंच. घरी आल्यावर ते तासभर श्रीवर्धनच्या सुपाऱ्यांबद्दल बोलायचे आणि आजोबा नागपूरच्या संत्र्यांबद्दल. एकमेकांचं कुणी ऐकायचं नाही.

त्या उन्हाळ्यात अझैबाला एक मोठी इमारत वर चढत होती. तिथले क्यूब कमी दाबाला फुटू लागले. सल्लागार इंजिनीयरने कडक पत्र लिहिलं, की माल हलका आहे, झालेलं बांधकाम पाडायला लावीन. प्लँटच्या मॅनेजरांना कारण हवं होतं, आणि कारणापेक्षाही जास्त एक नाव हवं होतं. उन्हाळ्यात ड्रायव्हर लोक काय करतात ते सगळ्यांना ठाऊक होतं. माल गाडीत घट्ट व्हायला लागला की ते टाकीतलं पाणी सोडतात. काँक्रीट पातळ होतं, सरसर ओतलं जातं, आणि कायमचं कच्चं राहतं. मॅनेजरांनी प्रत्येक ड्रायव्हरच्या क्यूबची सरासरी काढायला लावली. सगळ्यात कमी सरासरी याकूबभाईंची निघाली.

तुम्ही घरी येऊन मला त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलंत. "इंजिनीयर, नंबर साफ आहे. अर्बाबला मी हेच दाखवणार. याकूबचा व्हिसा कॅन्सल, तिकीट काढा, खलास." मुलांनो, अर्बाब म्हणजे मालक. तुम्ही म्हणाला होतात, मला एक आठवडा द्या. ते म्हणाले होते, "शनिवारपर्यंत." त्या घरात असा ताण मी कधी पाहिला नव्हता. एका माणसाची वीस-पंचवीस वर्षांची नोकरी आणि त्या देशातलं राहणं एका सरासरीवर लटकलं होतं, आणि ती खोटी आहे असं तुम्हाला वाटत होतं, पण वाटण्याला तुमच्याकडे कधीच किंमत नव्हती.

गुरुवारी तुम्ही सगळ्या उन्हाळ्याचे क्यूब स्प्रेडशीटमध्ये घातलेत. खाने आधीच कागदावर लिहिलेले. आलेख आला तेव्हा मी शेजारीच होते. त्यात एक घंटा नव्हती. दोन उंचवटे होते, मधे दरी.

"हे काय," मी म्हटलं, "ओमानमध्ये दोन वशिंडांचा उंट कुठून आला?"

तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "दोन वशिंडांचा उंट नाही गं. एकामागे एक उभे असलेले दोन उंट आहेत." माल एकच असता आणि कुणी मधूनमधून बिघडवला असता, तर एका घंटेला डावीकडे शेपूट आलं असतं. दोन वेगळे उंचवटे म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एका ढिगात मिसळल्या आहेत. त्या कुठल्या, ते शोधायचं.

तुम्ही ड्रायव्हरप्रमाणे वेगवेगळे आलेख काढलेत. प्रत्येकाचे दोन उंचवटे. सकाळचा माल, दुपारचा माल. दोन उंचवटे. मग जागेप्रमाणे काढलेत, आणि उंट अलग झाले. सीबच्या बांधकामाची आणि इतर सगळीकडची मिळून एक सुंदर घंटा, उजवीकडे. अझैबाची दुसरी, डावीकडे. अझैबाला दुसऱ्या ड्रायव्हरांनी नेलेला मालही डावीकडेच होता, आणि याकूबभाईंनी सीबला नेलेला माल उजवीकडे. त्यांची सरासरी कमी होती, कारण त्यांना बहुतेक फेऱ्या अझैबाच्या मिळाल्या होत्या. दोष माणसाला नव्हता, जागेला होता.

"झालं!" मी टाळीच वाजवली. "द्या नेऊन."

"जागेला काय दोष, ते कळलं नाही अजून," तुम्ही म्हणालात.

शुक्रवारी सकाळी मला घेऊन तुम्ही अझैबाला गेलात. बांधकाम बंद होतं, पहारेकऱ्याने आत सोडलं. क्यूब ठेवायची पत्र्याची शेड होती, तिच्यात सावली होती, आणि सावलीत गोणपाटं, पाण्याचे कॅन, कुणाचे तरी चपलांचे जोड. क्यूब नव्हते. ते बाहेर उघड्यावर, साईट ऑफिसच्या तापलेल्या स्लॅबवर मांडले होते. पहारेकऱ्याने सांगितलं, फोरमनने शेड मजुरांना दिली आहे. दुपारी उन्हात माणसं चक्कर येऊन पडत होती, त्यांना घटकाभर पडायला जागा नव्हती. ठोकळ्यांना काय, ते कुठेही राहतात.

ठोकळे कुठेही राहत नाहीत, हे त्या भल्या फोरमनला माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्या उन्हात तापले आणि सुकले की ते कच्चेच राहतात. इमारतीतलं काँक्रीट चांगलं होतं, ते ओल्या गोणपाटांखाली होतं. फक्त त्याचा नमुना भाजला गेला होता. तुम्ही त्या चपलांकडे बघत उभे राहिलात आणि म्हणालात, "हेही दयेनेच केलंय बघ." टोमणा नव्हता तो. मी तरीही तो टोमणाच समजले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण घरी येऊन तुम्ही ती सुंदर घंटा, उजवीकडची, पुन्हा उघडलीत. तिच्या डाव्या टोकाला, सगळ्यांपासून सुटे, दोन बुटके स्तंभ होते. मोजके क्यूब. सीबचे. सावलीत ठेवलेले. तुम्ही नोंदी पाहिल्यात. सगळे याकूबभाईंच्या गाडीचे.

दुपारी नमाज झाल्यावर याकूबभाईंना तुम्ही बोलावून घेतलंत. ते सोफ्याच्या काठावर बसले. अझैबाचं तुम्ही त्यांना आधी सांगितलंत. त्यांनी डोळे मिटून अल्लाचं नाव घेतलं. मग तुम्ही सीबचं विचारलंत.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "घातला साहेब," ते म्हणाले. "सीबला पंप बंद पडलेला. गाडी उभी, माल घट होया लागला. तो साइटवाला बोंबलतोय, यल्ला यल्ला, पानी मार. परत नेला असता तं हिकडे शिव्या. दोनदा झाला असा. अझैबाला नाय घातला, कुराणाशपथ."

"माहीत आहे," तुम्ही म्हणालात. "आलेखात दिसतंय."

"हा पन दिसतोय?"

"हापण दिसतोय."

ते गेल्यावर मी दार लावलं आणि तुमच्यापुढे येऊन बसले. एव्हाना मला तुमची स्प्रेडशीट चांगली येत होती. मी म्हटलं, "खाना थोडा रुंद करा."

तुम्ही खान्यांचा कागद माझ्याकडे सरकवलात.

"अहो, खाना रुंद केला की ते दोन स्तंभ शेजारच्यात मिसळतात. घंटा तशीच राहते. एकही आकडा बदलायचा नाही, खोडायचा नाही. ते काँक्रीट कुठे गेलंय? कुंपणाच्या पायात. तुम्हीच म्हणालात, धोका नाही. मग कशाला?"

"खाने मी आधी लिहिलेत."

"कागद आहे तो! त्रिपिटक नाही."

"अगं, उद्या ते मॅनेजर मला विचारतील, अझैबाचं खरं कशावरून? मी काय सांगू? इथे खरं लिहिलंय आणि तिथे जरा रुंद केलंय?"

"कोण विचारणार आहे?"

"मी विचारीन," तुम्ही म्हणालात.

शनिवारी तुम्ही अहवाल दिलात. त्याचं इंग्रजी मी नीट केलं, नेहमीसारखं. अझैबाचा दोष क्यूब उन्हात ठेवल्याचा, माल चांगला आहे, खात्रीसाठी खांबातून नमुने कापून तपासावेत. सीबला दोन गाड्यांत पाणी घातलं गेलं, चालकाने स्वतः कबूल केलं, बांधकामाला धोका नाही. आणि शेवटी तुम्ही एक वाक्य घातलंत, ज्याला मी हात लावला नाही: माल घट्ट झाला तर तो परत आणायची मुभा ड्रायव्हरला असावी, त्यासाठी त्याला बोलणी बसू नयेत. मजुरांसाठी दुसरी शेड बांधावी, हेही लिहिलंत. शेड बांधली गेली. खांबांचे नमुने कापले, ते उत्तम निघाले. इमारत पाडायची भाषा थांबली.

याकूबभाईंचा व्हिसा वाचला. पण त्यांना गाडीवरून उतरवलं. प्लँटच्या आवारात गाड्या धुण्याच्या कामावर लावलं. ज्या माणसाने इतकी वर्षं ती गाडी चालवली, त्याच्या हातात आता तिच्यासाठी नळी. बातमी घेऊन तुम्ही घरी आलात, बूट काढलेत, आणि विचारलंत, "मी चुकलो का?" मी भात वाढला. उत्तर दिलं नाही. माझ्याजवळ नव्हतंच. "हो" म्हटलं असतं तर ते पूर्ण खरं नव्हतं, "नाही" म्हटलं असतं तरी नव्हतं. तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत, आणि मी तो प्रश्न तसाच सोबत घेऊन फिरले.

पुढच्या ईदला डबा आला नाही. तुम्ही त्या दिवशी उगाचच दोनदा खिडकीशी गेलात. त्याच्या पुढच्या ईदला बेल वाजली, दारात याकूबभाई, हातात सांदणं. त्यांना पुन्हा गाडी मिळाली होती. घट्ट झालेला माल परत आणायची मुभाही मिळाली होती, आणि पहिल्यांदा ती वापरणारे तेच होते, हे त्यांनी हसून सांगितलं. तुम्ही "ये" म्हणालात, ते आत आले, आणि लगेच सुपाऱ्यांचं सुरू झालं. संत्र्यांचं तुम्ही त्या दिवशी काढलं नाहीत. पहिल्यांदाच पूर्ण ऐकून घेतलंत.

तुमच्या हाताखाली मीही घडले, हे तुम्हाला कधी म्हटलं नाही. पुढे शाळेने मला परीक्षांचं काम दिलं, तेव्हा दरवर्षी प्रत्येक वर्गाची घंटा मी स्वतः काढायची. एका वर्षी एका नव्या शिक्षिकेच्या वर्गात खूप मुलं खाली दिसली, आणि वरून विचारणा झाली, की यांचं शिकवणं कमी पडतं का. मी आधी खाने लिहिले. मग आकडे पाहिले. मग मुलं कुठून कुठल्या बसने येतात ते पाहिलं, खालची मुलं रोज उशिरा पोचणाऱ्या एकाच बसची निघाली, आणि त्या शिक्षिकेला पुढची वर्षं शिकवू दिलं. तुम्हाला त्या दिवशी मी एवढंच सांगितलं, की आज जरा काम होतं. दोन-तीन मार्कांनी मुलं मात्र मी ढकलत राहिले. खड्डा माझ्या आलेखात शेवटपर्यंत होता, आणि मी तो लपवला नाही. इतपत आपण दोघंही जिंकलो असं मला वाटतं. तुम्ही मान्य करणार नाही.

परवा श्रीवर्धनहून फोन आला. याकूबभाईंना आता ऐकू कमी येतं, त्यांच्या सुनेने फोन धरला होता. ते मोठ्याने बोलत होते. म्हणाले, "बाई, साहेबांवर मी लय रागावलेला, खोटा नाय सांगत. पन एक सांगतो. माज्यावर सगळे सगला टाकित होते. साहेबांनी जेवढा माजा, तेवढाच माज्या नावावर ठेवला. त्याच्यावर एक कण नाय. असा माज्याशी आयुष्यात दुसरा कोन वागला नाय." मग ते रडले, आणि सून म्हणाली, "आब्बा, बस करा आता."

अहो, तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं राहिलं होतं. ते त्यांनी दिलं. माझं त्याहून वेगळं उत्तर आहे, अजूनही अर्धं आहे, पण तुमच्याइतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि तुमच्यासोबत राहायला मिळालं याचा मला अभिमान आहे. हे तुमच्या समोर म्हणायला हवं होतं. तुम्ही "हं" म्हटलं असतंत आणि चष्मा पुसला असतात.

मुलांनो, त्या उन्हाळ्याची फाइल तुमच्या आईने फ्लॉपीवरून सीडीवर आणि तिथून स्वतःच्या लॅपटॉपवर घेतली होती. काल तिने ती मला पाठवली. उघडते. दोन घंटा आहेत, उजवीकडच्या घंटेच्या डाव्या टोकाशी दोन बुटके स्तंभ आहेत, आणि खाने त्यांनी लिहिले तेवढेच रुंद आहेत.